आधी पाठ बघा

दिवाळीसाठी माहेश्वरी साडी काढली, तर घडीच्या वळीत पिठासारखं काहीतरी पांढुरकं साचलेलं. बोटावर घेऊन चोळलं, तर मैद्याहून मऊ. वर पाहिलं, तर खणाच्या फळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, दहा-बारा तरी असतील. कपाट घरात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत आल्यागेल्या प्रत्येकाला मी ते कौतुकानं दाखवलं होतं. 'निसरपूरच्या वाड्यातलं आहे,' असं सांगून.

कुक्षीत राहणाऱ्याला निसरपूर सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी लिहिते. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला भरलं आणि आमच्या तहसिलीतली निसरपूर, चिखल्दा ही जुनी गावं पाण्यात गेली. लोकांनी कितीतरी घरं त्याआधी स्वतःच्या हातांनी उतरवली. खांब, तुळया, चौकटी, दारं ट्रॅक्टरवर चढली. काही नव्या वसाहतीत पुन्हा उभी राहिली, काही विकली गेली. तेव्हापासून जुन्या फर्निचरच्या दुकानात 'डूब का माल है' एवढं म्हटलं की आमच्यासारख्यांचा हात खिशाकडे जातो. मला तर त्यात पुण्यही वाटत होतं. बुडालेल्या गावाची एक वस्तू आपल्याकडे जपली जाईल, वगैरे.

दुकान कुठलं ते सांगत नाही. अडतीस हजार मोजले. दोन दारांचं उभं कपाट, दारांवर कमळाची कोरीव नक्षी, पितळी कड्या, अंगावर गडद तेलकट चमक. मालकानं दार उघडून आतले खण दाखवले, कडी वाजवून दाखवली, एका हातानं ढकलून 'हलतंय का बघा' म्हणाला. हललं नाही. कपाट भिंतीला टेकलेलं होतं. ते पुढे ओढा, असं म्हणायचं मला सुचलं नाही.

पिठाचा प्रकार झाल्यावर आमचे मिस्त्री आले. सासऱ्यांच्या वेळेपासून घरी येणारा माणूस. त्यांनी दारांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोघांना हाताशी घेऊन कपाट भिंतीपासून फिरवलं. पाठीला प्लायवूड, त्यावर काळपट रंग. 'वाड्यात प्लाय कुठून आला, वहिनी?' एवढंच म्हणाले. मग एकेक दाखवत गेले. स्क्रूंच्या डोक्यावर अधिकाची खूण. जुन्या कामात एकच सरळ खाच असते. दारांच्या कडेला बिजागऱ्यांच्या दोन-दोन जागा, जुनी खाच लाकडाचा तुकडा बसवून बुजवलेली. पण ज्या चौकटीवर ती दारं शंभर वर्षं झुलली म्हणे, तिच्यावर बिजागरीची जागा एकच, ताजी. आणि सगळ्यात खाली, जिथे मी रोज केर काढत होते तिथे, दारावरचं कमळ अर्धंच होतं. दार नव्या मापात बसावं म्हणून खालून करवत चालवली होती. आठ महिने मी ते कमळ पाहत होते आणि मला ते पूर्ण दिसत होतं.

म्हणजे दारं खरी, जुनी, सागवानी. बाकी सगळा सांगाडा आंब्याचा, नवा, रंग देऊन म्हातारा केलेला. आंब्याच्या लाकडात कीड लागायला वेळ लागत नाही. या किडीच्या अळ्यांना लाकडातला स्टार्च लागतो. सागाच्या गाभ्याच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत, पण सागाच्याही कडेचा फिका पट्टा त्यांना चालतो. म्हणून 'सागवान आहे' या शब्दावर निर्धास्त होऊ नये, फिका भाग किती आहे ते पाहावं.

भोकं दिसली की कपाट टाकाऊच, असंही नाही. भोक आतून काळवंडलेलं असेल तर कीड कधीचीच निघून गेलेली असू शकते. कडा उजळ, ताज्या लाकडाच्या रंगाची असेल तर सावध व्हावं. शंका असेल तर खाली काळा कागद पसरून चार-आठ दिवस थांबायचं. पुन्हा पीठ पडलं तर आत कोणीतरी जेवतंय. पिठाऐवजी खसखशीसारखे कोरडे दाणे पडले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून येणारी. तिघींचे उपाय वेगळे, त्यामुळे दुकानदाराच्या 'औषध मारून देतो'वर सौदा करू नये. कोणतं औषध, कशावर, हे आधी विचारावं.

वजनाचा भ्रम माझाही होता. जड म्हणजे अस्सल, असं आपण धरून चालतो. आंबाही वजनाला सागाच्या जवळपासच असतो. शिसवी तेवढं खरोखर जड. त्यापेक्षा खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. जुने सुतार न दिसणाऱ्या बाजूला पॉलिश करत बसत नसत, तिथे लाकूड कोरं, हाताळून मळलेलं असतं. खणाच्या पोटातही गडद रंग फासलेला दिसला, तर काहीतरी झाकलंय. पॉलिशचंही तसंच: जुनं काम बहुधा चपडी लाखेचं. नजरेआडच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवला की लाख चिकट होते, आजकालचं मेलॅमाईन ढिम्म राहतं. मालक बोळा लावू देत नसेल, तर तेही एक उत्तरच.

एक गंमत सांगायला हवी. नणंद अमेरिकेत असते. तिला फोटो पाठवले होते, तेव्हा त्याच मालकानं उत्साहानं सांगितलं होतं की एकशे तीस वर्षांचं दुसरं एक कपाट आहे, थेट परदेशी पार्सल करून देऊ. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तूत धरली जाते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा एक तर ते कपाट एकशे तीस वर्षांचं नव्हतं, नाही तर पार्सल कायदेशीर नव्हतं. हे गणित मला सहा महिन्यांनी सुचलं.

रंगाचं मात्र गमतीत घेऊ नका. जुन्या कपाटावर हिरवा किंवा निळा तेलरंग असतो आणि तो खरवडून 'खाली सागवान निघेल' असं सगळे सांगतात. निघेलही. पण घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते डोळ्यांना कळत नाही. कोरड्या कागदानं घासलं की त्याची धूळ घरभर, आणि रांगतं मूल असेल तर थेट त्याच्या तोंडात. हे काम घराबाहेर, ओलं करून, तोंडाला मुसकं बांधून, किंवा सरळ जाणत्याकडून. रंग धरून बसलेला असेल तर मी तर म्हणेन राहू द्या.

लोखंडी कपाटाचं थोडक्यात: गोदरेजनं पोलादी कपाटं १९२३ पासून काढली, त्यामुळे जुनी भरपूर मिळतात आणि पत्राही बहुधा दणकट. आडवं करून तळ बघा. गंज तिथे असतो, दारावर नसतो.

सांगाड्याचं आम्ही पुढे काय केलं, तर जाळलं. दारं ठेवली. मिस्त्रींचं म्हणणं असं की ती मुळात उभ्या कपाटाची नव्हतीच. मागची बाजू सपाट, कोरी, म्हणजे भिंतीतल्या फडताळाची असणार. आमच्या माजघरात एक उघडा कोनाडा होता. त्याला सागाची चौकट करून दारं तिथे बसवली, खर्च सहा हजार. श्रावणात डावं दार फुगून अडकायला लागलं. मी रंधा मारा म्हणून मागे लागले, तर मिस्त्री ऐकेनात: आत्ता तासलं तर चैत्रात फटीतून उंदीर जाईल. दिवाळीपर्यंत थांबा. थांबले. सरकलं आपोआप.

दूध घालायला येणाऱ्या बाई निसरपूरच्या नव्या वसाहतीतल्या. परवा पावसामुळे आत येऊन टेकल्या आणि फडताळापाशी जाऊन नक्षीवरून तळहात फिरवत राहिल्या. कुठल्या गावचं, म्हणून विचारलं. मला माहीत नाही, म्हटलं. हात खाली येत येत कडेशी थांबला.

'बाकीचं फूल कुठंय?'

'दुकानात कापलं,' मी म्हटलं.