दळणाचा दगड : दूरच्या व्यापाराचा साक्षीदार

सिंधुसंस्कृतीचा पाठ शिकविताना मुद्रा, मणी व स्नानगृहे यांचे वर्णन आपण आवर्जून करतो. धान्य दळण्याचा ओबडधोबड दगड मात्र पाठाबाहेर राहतो. वास्तविक सामान्य माणसाच्या व्यवहाराची साक्ष देण्यात तो मण्यांहूनही भरवशाचा आहे.

विवेचन : हडप्पा हे नगर आजच्या पाकिस्तानातील पंजाबात, रावीच्या जुन्या पात्राकाठी वसले होते. इ. स. पूर्व 2600 ते 1900 हा त्याच्या भरभराटीचा काळ होय. सभोवती नदीच्या गाळाची सपाट भूमी आहे, खडक नाही. तरीही उत्खननात दळणाचे दगड विपुल मिळाले. ते आपल्या फिरत्या जात्यासारखे नव्हत. रुंद दगडावर धान्य ठेवून दुसऱ्या दगडाने ते मागेपुढे रगडावयाचे, अशी रीत होती.

मग हे दगड आले कोठून? रंग, कण, शिरा व घटक या दगडाच्या जन्मखुणा होत. पुरातत्त्वज्ञ रँडल लॉ यांनी त्या तपासून 2011 साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. काही दगड उत्तरेकडील किराना टेकड्यांतील निघाले. त्या 100 किलोमीटरांहून दूर आहेत. काही पश्चिमेच्या सुलेमान पर्वताकडील, तर काही हरियाणातील कलियाणा टेकड्यांतील ठरले. हे शेवटचे अंतर सरळ रेषेतही सुमारे 400 किलोमीटर भरते.

रत्न एखादा प्रवासी कनवटीला लावून नेईल. दळणाचा दगड जड असतो, रोज झिजतो आणि झिजला की दुसरा आणावाच लागतो. म्हणजे ही ने-आण वारंवार होत असली पाहिजे. घरच्या पिठासाठी नगरवासी दूरच्या डोंगरावर अवलंबून होते.

सावधगिरी : दगड दूरचा आहे, एवढेच खडक सिद्ध करतो. तो विकत घेतला, धान्याच्या बदल्यात मिळविला की आप्तांकडून आला, हे खडक सांगत नाही. ‘व्यापार’ हे अनुमान वजने, मुद्रा इत्यादी इतर पुराव्यांशी पडताळूनच करावे. पुरावा व अनुमान यांतील भेद मुलांना उमगला, तर पाठ सफल झाला असे समजावे.

कृती : मुलांना गावातील जुने जाते व पाटा-वरवंटा दाखवावा. तो दगड गावच्या खडकाशी जुळतो काय, हे पाहावे व कोणी, कोठून आणला ते वडीलधाऱ्यांस विचारावे. देशावर काळा पाषाण पायाखालीच असल्याने तेथील काळे जाते दूरच्या व्यापाराचा पुरावा ठरत नाही. जेथे केवळ जांभाच दिसतो अशा कोकणातील गावी मात्र तेच जाते प्रश्न उभा करील.

प्रश्न :
1. हडप्पा येथे सापडलेला प्रत्येक दगड बाहेरून आलेला का मानावा?
2. व्यापाराचा पुरावा म्हणून मण्यापेक्षा दळणाचा दगड अधिक काय सांगतो?
3. आपल्या घरच्या जात्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही?