भडकल दरवाजा आणि लेकीच्या रस्त्यावरचं चर्च

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये आहे. ती राहते त्या रस्त्याचे फोटो तिने पाठवले. दोन्ही बाजूंना लाल विटांची जुनी घरं आणि मधेच उंच मनोऱ्याचं दगडी चर्च. चर्चच्या दाराची टोकदार कमान पाहून मला आपला भडकल दरवाजा आठवला आणि एकूण रस्ता पाहून छावणी. हा नुसता भास आहे की यात काही नातं आहे?
— एक वाचक, पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भास नाही. तुमच्या डोळ्यांनी बरोबर ओळखलं आहे, आणि हे नातं वाटतं त्याहून जुनं आहे.

आधी कमान. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये भडकल दरवाजा उभा केला. लेकीच्या रस्त्यावरचं चर्च बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, म्हणजे 1837 ते 1901 मधलं असणार. तेव्हा इंग्लंडमध्ये गॉथिक शैलीची लाट होती. ती शैली मूळची फ्रान्समधली. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या चर्चमध्ये 1140 नंतर ती आकाराला आली. पण टोकदार कमान त्याच्याही आधी अरब जगात रुळलेली होती. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती रांगेने दिसते, आणि ती मशीद नवव्या शतकातली. लंडनचं सेंट पॉल बांधणारा क्रिस्टोफर रेन तर म्हणायचा, की गॉथिकला खरं म्हणजे ‘सॅरासेनिक’, म्हणजे अरबांची शैली, म्हणावं. ही कमान युरोपात कोणत्या वाटेने गेली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण एकाच आजीच्या दोन नाती म्हणाव्यात इतकं हे साम्य जवळचं आहे.

तरी दोघी जुळ्या नाहीत. घरी करून बघा. जमिनीवर दोन खुंट्या ठोका, त्यांच्यातल्या अंतराएवढी दोरी घ्या. डाव्या खुंटीला दोरी बांधून उजव्या खुंटीपासून वर कंस काढा, मग उजवीला बांधून डावीकडून. दोन्ही कंस वर जिथे भेटतील ती झाली गॉथिक कमान. आपल्या बीबी का मकबऱ्याच्या मोठ्या कमानीला मात्र चार खुंट्या लागतात. खाली दोन्ही बाजूंना आखूड दोरीचं गोल वळण, आणि वर लांब दोरीचा जवळजवळ सरळ चढ. म्हणून ती खांद्याशी भरदार दिसते आणि टोकाला हळूच निमुळती होते. चर्चची कमान पायापासूनच वर धावते.

टोक काढण्याचं कारण दोन्हीकडे सारखंच. कमान नुसती खाली दाबत नाही, बाजूच्या भिंतींना बाहेरही रेटते. अर्धगोल कमानीपेक्षा टोकदार कमान कमी रेटते, आणि रुंदी तीच ठेवून तिला हवं तितकं उंच करता येतं. उरलेला रेटा आपल्याकडे जाडजूड भिंतीने पेलला. तिकडे भिंत पातळ ठेवून खिडक्या मोठ्या केल्या आणि भिंतीला बाहेरून दगडी टेकू दिले. लेकीला विचारा, चर्चच्या दोन खिडक्यांच्या मधे असे पायऱ्यापायऱ्यांचे टेकू दिसतात का. दिसतीलच.

आता रस्ता. कारखान्यांमुळे इंग्लंडची शहरं भराभर फुगली आणि जुनी चर्च पुरेनात. 1818 मध्ये तिथल्या संसदेने नव्या चर्चसाठी दहा लाख पौंड मंजूर केले. ऑगस्टस प्यूजिनने 1836 मध्ये पुस्तक लिहून मध्ययुगीन बांधणीच खरी ख्रिस्ती बांधणी असं ठासून मांडलं. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 1839 मध्ये मंडळ काढलं आणि चर्च कसं असावं याचे जवळजवळ नियमच घालून दिले. शहराबाहेर नव्या वसाहतींचे रस्ते पडत गेले तसं घरांच्या बरोबरीने चर्चही उभं राहू लागलं. ऑक्सफर्डच्या उत्तरेला सेंट जॉन्स कॉलेजच्या जमिनीवर वसाहत झाली, तेव्हा 1860 च्या दशकात जॉर्ज स्ट्रीट या वास्तुकाराने तिथे असंच चर्च बांधलं. त्याच्या थोडं आधी काचेवरची जकात (1845), विटांवरचा कर (1850) आणि खिडक्यांवरचा कर (1851) उठला. तुमच्या लेकीच्या घराला रस्त्याच्या बाजूला पुढे आलेली तीन अंगांची मोठी खिडकी असेल. ती परवडायला हे कर उठल्याचा मोठा हात होता.

ही लाट आपल्याकडे किती लवकर आली ते दोन चर्चवरून कळतं. पुण्याच्या लष्करातलं सेंट मेरीज 1825 चं. त्यात गॉथिकचा मागमूस नाही. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च 1847 मध्ये सुरू झालं आणि 1858 मध्ये त्याचा अभिषेक झाला. हेन्री कॉनिबेअरचं हे काम अस्सल गॉथिक आहे. दगड इथला, रंगीत काचा इंग्लंडहून आणलेल्या. अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं ते स्मारक.

आपली छावणी खाम नदीच्या पलीकडे वसली ती हैदराबाद कंटिंजंटसाठी. फौज निजामाच्या खर्चाची, अधिकारी इंग्रज. याच फौजेतल्या घोडदळाने जून 1857 मध्ये इथे उठाव केला. घरापासून इतक्या दूर आलेल्या अधिकाऱ्यांनी चर्च, रुंद सरळ रस्ता आणि आवारातलं एकेकटं घर ही ओळखीची मांडणी इथे उतरवली. जुन्या शहराच्या वळणावळणांच्या गल्ल्यांशेजारी ती म्हणूनच वेगळी उठून दिसते. तुम्हाला छावणी आठवली ती या मांडणीमुळे.

घर मात्र त्यांना तिकडचं आणता आलं नाही. तिकडची खिडकी ऊन आत ओढते, इकडचा व्हरांडा ऊन दारातच अडवतो. उंच छत, खोल व्हरांडा, एकच मजला असा बंगला त्यांनी इथल्या लोकांकडूनच उचलला. शब्द बंगालवरून आला, कल्पना तिथल्या झोपडीची. आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढे आहे. 1870 च्या सुमारास केंटच्या समुद्रकिनारी, वेस्टगेट आणि बर्चिंग्टनला, जॉन टेलर नावाच्या वास्तुकाराने लंडनकरांच्या सुट्टीसाठी एकमजली घरं बांधली आणि त्यांना नाव दिलं ‘बंगलो’. म्हणजे त्यांचं चर्च इकडे आलं आणि आपला बंगला तिकडे गेला. आज इंग्लंडच्या उपनगरांत तो शब्द इतका मुरला आहे की अनेकांना तो परका वाटतही नाही.

एक साम्य फोटोत दिसणार नाही. भडकल दरवाजा, छावणीतले जुने बंगले आणि लेकीच्या रस्त्यावरची विटांची घरं, हे सगळं चुन्यात बांधलेलं आहे. आपल्याकडे चुना घाण्यात मळून, सुरखी म्हणजे विटांची पूड घालून, कधी गूळ आणि बेलफळाचं पाणी देऊन मुरवत. अशी भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, मग गिलावा फुगतो आणि मागे मऊ पडलेला दगड, वीट पापुद्रे टाकू लागते. आपल्या शहरात अशा भिंती मी पाहिल्या आहेत आणि दरवेळी जीव हळहळला आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी ती प्रेमानेच केलेली असते.

तेव्हा पदमपुऱ्यातल्या आणि छावणीतल्या, जुन्या घरांत राहणाऱ्या सगळ्याच वाचकांना विनंती आहे. यंदा पावसाळ्याआधी भिंतीच्या दरजा भरायच्या असतील तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी गाठा, आणि सिमेंटची गोणी घरात आणू नका.