‘गूगल करणे’ : एक शब्दविचार

यंदा इतिहासाचे निबंध तपासताना अनेक वह्यांच्या शेवटी ‘आधार : गूगल’ एवढेच लिहिलेले आम्हांस आढळले. एकाने तर आपण ‘बिंगवर गूगल केले’ असे सांगितले! या वाक्यास हसण्यापूर्वी त्यामागील घोटाळा समजून घेणे इष्ट होय.

व्यापारी नावे सामान्य नामे होणे नवे नाही. वनस्पती तुपास आपल्या घरांत ‘डालडा’ म्हणत. छायाप्रतीस आजही आपण ‘झेरॉक्स’ म्हणतो, मग यंत्र कोणत्याही कंपनीचे असो. सरकत्या जिन्याचे ‘एस्कलेटर’ हे नाव मूळचे ओटिस कंपनीचे. परंतु ते आता सर्वांचे झाले, असे ठरून १९५० मध्ये अमेरिकेत कंपनीचा त्यावरील हक्क गेला.

गूगल कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली. अवघ्या आठ वर्षांत, २००६ मध्ये, तिचे नाव क्रियापद म्हणून ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात दाखल झाले. हे नावही सामान्य झाल्याचा दावा पुढे न्यायालयात गेला. तथापि लोक ते क्रियापदासारखे वापरतात एवढ्यावरून कंपनीचा हक्क नष्ट होत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

‘करणे’ जोडून नवी क्रियापदे घडविणे ही तर मराठीची जुनीच रीत. तीस आमचा आक्षेप नाही. आमची चिंता निराळी आहे. ‘झेरॉक्स’ म्हटल्याने प्रत बिघडत नाही. परंतु शोधयंत्राचेच नाव माहितीचा आधार म्हणून दिले की त्या माहितीचा खरा पत्ता हरवतो.

शोधयंत्र संकेतस्थळांवरील पानांची सूची ठेवते आणि आपण विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने दाखविते. ग्रंथालयातील सूची पुस्तकाचे कपाट सांगते. पुस्तक सूचीने लिहिलेले नसते. गूगल, बिंग, डकडकगो ही अशीच निरनिराळी शोधयंत्रे होत. हल्ली पानांच्या वर यंत्राने रचलेला सारांशही पुष्कळदा दिसतो. तो चुकू शकतो, म्हणून मूळ पान उघडून पडताळल्यावाचून तो उतरवू नये.

बोलताना खुशाल ‘गूगल करा’ म्हणावे. लिहिताना मात्र माहिती ज्या पानावर मिळाली त्याचे व त्याच्या लेखकाचे नाव द्यावे. ज्याने परिश्रमाने लिहिले त्याचे ऋण मानणे हा अभ्यासाचाच भाग आहे. पुढील वर्षी वह्यांच्या शेवटी आम्हांस अशी नावे वाचावयास मिळोत.