मोबाईलच्या बॅटरीची निगा

ट्रॉम्बे हे नाव शेतकरी बंधूंस भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या भुईमुगाच्या वाणांमुळे परिचित आहे. त्याच ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातील मच्छीमार भरती-ओहोटी पाहून ठाण्याच्या खाडीत जाळी टाकतात. होडीवर आता जाळ्याबरोबर मोबाईलही असतो. हवामान खात्याचा इशारा, बाजारभाव व घरचा निरोप त्यावरच मिळतो. होडी संकटात सापडली, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यावरूनच लावावयाचा असतो. ऐन वेळी बॅटरी संपली, तर मोबाईल जवळ असून नसल्यासारखाच होय. शेतात ई-पीक पाहणीची नोंद करणाऱ्या अथवा ‘दामिनी’वर विजेचा इशारा पाहणाऱ्या शेतकऱ्याचीही अडचण हीच. म्हणून बॅटरीची निगा कशी राखावी, हे ग्रामसेवकांनी सर्वांस समजावून द्यावे.

बॅटरी का थकते?

मोबाईलमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही जात १९९१ साली प्रथम बाजारात आली. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतच्या वापरास एक चक्र म्हणतात. पन्नास टक्के दोनदा वापरल्यासही एकच चक्र भरते. साधारणतः ५०० ते १,००० चक्रांनंतर बॅटरीची धारणशक्ती मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. म्हणजे ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ४,००० चीच उरते.

ही झीज उष्णतेने अधिक वेगाने होते. बियाणे उष्ण जागी ठेवल्यास त्याची उगवणशक्ती जशी लवकर घटते, तसेच बॅटरीचे आहे. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात तापली, तर आतील रासायनिक क्रिया वाढून लिथियमचा काही भाग कायमचा निकामी होतो. तो पुन्हा भरून येत नाही.

आयुष्य वाढविण्याचे उपाय

१. मोबाईल उन्हात, होडीच्या फळीवर किंवा ट्रॅक्टरच्या काचेमागे ठेवू नये. सावलीत व कोरड्या जागी ठेवावा.

२. रोजच्या वापरात बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. लांबच्या फेरीस निघण्यापूर्वी मात्र ती पूर्ण भरून घ्यावी.

३. बॅटरी पूर्ण संपवूनच भरावी, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहे. आजच्या बॅटरीस ती हानिकारक आहे.

४. उशीखाली अथवा गोधडीत ठेवून मोबाईल चार्ज करू नये.

५. मासेमारी बंदीच्या काळात जादा मोबाईल पडून राहणार असेल, तर सुमारे ५० टक्के भरून व बंद करून ठेवावा.

दिवसभर पुरविण्याचे उपाय

सर्वांत अधिक वीज पडद्याच्या उजेडास लागते. तो गरजेपुरता ठेवावा. रेंज क्षीण असेल तेथे मोबाईल टॉवरशी संपर्क साधण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. अशा ठिकाणी इंटरनेट डेटा बंद ठेवावा. एअरप्लेन मोडने बचत पुष्कळ होते. परंतु त्यात फोन येत नाही, म्हणून पाण्यावर असताना तो लावून ठेवू नये. काम झाल्यावर जीपीएस बंद करावे. बॅटरी २० टक्क्यांवर आली की गाणी व चित्रफिती थांबवाव्यात. उरलेली वीज संकटासाठी राखीव समजावी. शक्य असल्यास भरलेली पॉवर बँक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत न्यावी.

धोक्याची सूचना

खाऱ्या पाण्यात भिजलेला मोबाईल चार्जरला जोडू नये. बॅटरी फुगलेली दिसताच वापर थांबवावा. तिला टोचू अथवा दाबू नये, कारण ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी उकिरड्यावर किंवा खाडीत न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

या उपायांस खर्च जवळजवळ नाही. जाळे व अवजारे यांची जशी नित्य निगा राखली जाते, तशीच बॅटरीची राखल्यास ती अडचणीच्या वेळी खात्रीने उपयोगी पडेल.