वावड्यावरील लसोपचार : सुई, थेंब आणि गोळी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे महामार्ग एकत्र येतात. अशा वर्दळीच्या ठिकाणी कोणास शिंका आल्या की, ‘धुळीची ॲलर्जी आहे’ असे सहज म्हटले जाते. परंतु वाहनांचा धूर आणि रस्त्यावरील धूळ बहुधा श्वासमार्गाचा केवळ क्षोभ करतात. ॲलर्जी, म्हणजेच वावडे, याहून निराळे. अंथरुणातील धुळीत वाढणारे सूक्ष्म कोळी किंवा परागकण यांना शरीर शत्रू समजते व त्रास सुरू होतो. हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कारण लसोपचार धुरावर नसतो, नेमक्या वावड्याच्या पदार्थावरच असतो.

१९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क टोचून परागज्वरावर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. जो पदार्थ बाधतो, तोच अत्यल्प मात्रेने देत शरीरास त्याची सवय लावावयाची, हे त्यामागील तत्त्व होय.

पहिली पद्धत सुईची. दंडाच्या त्वचेखाली प्रारंभी साधारणतः दर आठवड्यास वाढती मात्रा व पुढे महिन्याच्या अंतराने कायम मात्रा दिली जाते. मधमाशी वा गांधीलमाशीच्या दंशाच्या तीव्र वावड्यावर हीच पद्धत प्रस्थापित आहे. क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उद्भवते. म्हणून टोचल्यानंतर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबावे आणि तेथे ॲड्रेनलिन सिद्ध असावे.

दुसरी पद्धत जिभेखाली थेंब वा गोळी ठेवण्याची. पहिली मात्रा डॉक्टरांसमोर, पुढील घरी दररोज. तोंडास खाज सुटणे हा नेहमीचा त्रास. गंभीर प्रतिक्रिया विरळा. दवाखाना दूर असलेल्यांना ती सोयीची, पण नित्यनेम चुकता कामा नये.

तिसरी पद्धत अन्नाच्या वावड्याची. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये शेंगदाण्याच्या वावड्यावरील अशा तोंडाने घ्यावयाच्या औषधास मान्यता मिळाली. मात्र त्यामुळे केवळ सहनशक्ती वाढते. पथ्य सुटत नाही. हा प्रयोग घरी कदापि करू नये.

श्वसनाच्या वावड्यावरील उपचार साधारणतः तीन ते पाच वर्षे चालतात. अर्ध्यावर सोडल्यास लाभ टिकत नाही. दमा आटोक्यात नसताना ते सुरू करू नयेत. गाजरगवताच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह मात्र वेगळ्या जातीचा असून त्यावर हा लसोपचार प्रस्थापित नाही. तेथे संपर्क टाळणे हाच मुख्य उपाय. शाळेच्या आवारातील व गावच्या रस्त्याकडेचे गाजरगवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटविणे शिक्षकांच्या पुढाकाराने व पंचायतीच्या साहाय्याने सहज साधेल.