पाइपाची चक्रीयता कशी मोजाल?

घराच्या बांधकामात प्लॅस्टिक कोठे कोठे असते? सांडपाण्याचे पाइप, खिडक्यांच्या चौकटी, विजेच्या तारांवरील वेष्टन. यांत पीव्हीसी पुष्कळ असते. ते उष्णतेने मऊ होते. म्हणून जुना पाइप दळून, वितळवून त्याचा नवा पाइप करता येतो. एखादी वस्तू अशा चक्रात कितपत बसते, हे आकड्यात सांगता येईल काय?

त्यासाठी २०१५ साली ब्रिटनमधील एलन मॅकआर्थर फाउंडेशन व ग्रँटा डिझाइन यांनी एक निर्देशांक मांडला. त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: वस्तूत कोरा माल किती, शेवटी कचऱ्यात किती जातो आणि वस्तू किती काळ वापरात राहते.

समजा, १० किलो पाइपात ७ किलो माल कोरा व ३ किलो जुना आहे. पाइप काढल्यावर ४ किलो दळायला जातो, ६ किलो कचऱ्यात. दळताना होणारी घट तूर्त सोडून देऊ. माल येताना आणि जाताना असा दोनदा मोजला, म्हणून छेदात वजनाची दुप्पट घ्यावयाची.

रेषीय अंश = (७ + ६) ÷ (२ × १०) = ०.६५

निर्देशांक = १ − (०.६५ × ०.९) = ०.४१५

०.९ हा अंक सरासरीइतकी टिकणाऱ्या वस्तूसाठी ठरवलेला आहे. वस्तू दुप्पट टिकली, तर त्याला २ ने भागतात.

आता दुसरा पाइप घ्या. त्यातील सर्व माल कोरा आणि शेवटी सर्व कचऱ्यात. म्हणजे रेषीय अंश १. मात्र तो दुप्पट टिकतो.

निर्देशांक = १ − (१ × ०.४५) = ०.५५

गंमत पाहा! जो पाइप चक्रात एकदाही फिरला नाही, त्याचाच आकडा मोठा आला. टिकाऊपणा हा गुण खराच. पण तेवढ्यावरून चक्र पूर्ण होत नाही. म्हणून निर्देशांकाबरोबर त्याचे घटकही पाहावेत.

आणखी एक गोष्ट. आज भिंतीत घातलेला पाइप कित्येक दशकांनी बाहेर येईल. तेव्हा ४ किलो खरोखर परत येईल की नाही, हा आज केवळ अंदाज असतो. शिवाय जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगे असू शकतात. युरोपातील उत्पादकांनी त्यांचा वापर २०१५ अखेर थांबवला. पण जुन्या चौकटी दळल्या की शिसे नव्या मालात येते. निर्देशांकात हे दिसत नाही.

करून पाहा: पहिल्या पाइपात जुना माल ५ किलो केला, बाकी सर्व तेच ठेवले, तर निर्देशांक किती? (उत्तर: ०.५०५)