शरीरातील शेकोटी

थंडीत आपले शरीर उबदार कसे राहते आणि त्या कामात आतड्यांतील जिवाणूंचा काय वाटा असतो, याची माहिती या पाठात दिली आहे.

मुलांनो, कुहीची थंडी तुम्हांला नवीन नाही. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन जसे भाजून काढते, तशी डिसेंबर-जानेवारीतली पहाट अंगाला झोंबते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा दिवसांत चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. शाळेत येताना तुमचे दात वाजत असतात.

अशाच एका सकाळी वर्गातील एका मुलीने मला प्रश्न विचारला. तिच्या घरी दोन दिवसांपूर्वी भाऊ जन्मला होता. ती म्हणाली, “सर, आम्ही सगळे थंडीने कुडकुडतो. बाळ मात्र मुळीच कुडकुडत नाही. त्याला थंडी वाजत नाही का?”

सारा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. चला, आपण त्याचे उत्तर शोधू या.

आपण कुडकुडतो, तेव्हा आपले स्नायू भराभर आकुंचन पावतात. त्यातून उष्णता निर्माण होते. नवजात बाळाला हे जवळजवळ जमत नाही. शिवाय त्याचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त असतो. त्यामुळे त्याच्या अंगातील ऊब लवकर निघून जाते. म्हणजे बाळाला थंडी आपल्यापेक्षा जास्त बाधते. फक्त ते कुडकुडून तसे दाखवू शकत नाही.

मग बाळ तग कसे धरते? निसर्गाने त्याच्या शरीरात एक छोटी शेकोटी ठेवली आहे. तिचे नाव तपकिरी चरबी.

चरबी म्हटले की आपल्याला लठ्ठपणा आठवतो. पण शरीरात चरबी मुख्यतः दोन प्रकारची असते. पांढरी चरबी ही धान्याच्या कोठीसारखी आहे. जादा अन्न तिच्यात साठून राहते. तपकिरी चरबी ही चुलीसारखी आहे. ती इंधन जाळते आणि उष्णता देते. बाळाच्या मानेजवळ, दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर आणि मूत्रपिंडांच्या भोवती ती असते. तिच्या पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग दाटीने भरलेले असतात. तंतुकणिकांतील लोहामुळे तिला तपकिरी रंग येतो. इतर पेशींतील तंतुकणिका अन्नातील ऊर्जा शरीराच्या कामासाठी राखून ठेवतात. तपकिरी चरबीत मात्र यूसीपी-१ नावाचे एक प्रथिन असते. त्याच्यामुळे ती ऊर्जा सरळ उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

या चरबीचे पहिले वर्णन कॉनराड गेस्नर या स्वित्झर्लंडच्या निसर्गशास्त्रज्ञाने १५५१ साली केले. ते त्याने मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्यात पाहिले होते. मोठ्या माणसांत ती फारशी उरत नाही, असा पुढे बराच काळ समज होता. २००९ साली तीन वेगवेगळ्या संशोधनांनी तो समज खोटा ठरवला. प्रौढ माणसांच्या मानेत आणि गळ्याच्या हाडाच्या वर ही चरबी असते आणि थंडीत ती कामाला लागते, असे दिसून आले.

आता तुम्ही विचाराल, या शेकोटीचा आणि पोटाचा काय संबंध? संबंध आहे आणि तो मोठा गमतीचा आहे.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या आणि फळे यांतील तंतुमय पदार्थ आपल्याला पचवता येत नाहीत. हे जिवाणू ते कुजवतात, म्हणजे आंबवतात. आंबील करताना पीठ आंबते ना? तसेच काहीसे काम आपल्या पोटात रात्रंदिवस चालू असते. त्यातून ब्युटिरेटसारखे पदार्थ तयार होतात. त्यांतला काही भाग रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवांपर्यंत जातो.

हे पदार्थ तपकिरी चरबीपर्यंत निरोप पोहोचवतात का? जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी २०१५ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही उंदीर ६ अंश सेल्सिअस तापमानात बरेच दिवस ठेवले. थंडीमुळे त्या उंदरांच्या आतड्यांतील जिवाणूंची वस्तीच बदलली. मग ते जिवाणू त्यांनी दुसऱ्या उंदरांच्या पोटात सोडले. या दुसऱ्या उंदरांच्या आतड्यांत आधी एकही जिवाणू नव्हता आणि त्यांनी थंडीही सोसलेली नव्हती. तरीसुद्धा त्यांना थंडी अधिक चांगली सहन होऊ लागली. त्यांच्या पांढऱ्या चरबीचा काही भाग तपकिरी चरबीसारखा वागू लागला. त्यांची आतडीसुद्धा लांब झाली आणि अन्नातून जास्त ऊर्जा घेऊ लागली.

२०१९ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रतिजैविक औषधे देऊन काही उंदरांच्या आतड्यांतील जिवाणू मारून टाकले. त्या उंदरांना थंडीत अंग गरम राखणे जड जाऊ लागले. त्यांना ब्युटिरेट दिल्यावर हा दोष थोडाफार कमी झाला.

पण मुलांनो, येथे थोडे थांबू या. जिनिव्हाच्या त्याच शास्त्रज्ञांना २०१५ सालीच दुसऱ्या एका प्रयोगात उलट गोष्टही दिसली होती. जिवाणू नाहीसे केल्यावर उंदरांची काही पांढरी चरबी तपकिरी चरबीसारखी झाली होती. विज्ञानात असे घडते. एका प्रयोगावर कोणी अंतिम निकाल देत नाही. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. म्हणून “ही गोळी घ्या आणि चरबी जाळा” अशी जाहिरात दिसली, तर तिच्यावर भुलू नका.

“मी तर बारीक आहे, मला चरबीची काय चिंता?” असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. त्याने पुण्याचे उदाहरण ऐकावे. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. तपासणी केली, तेव्हा डॉ. युडकिन यांच्या शरीरात सुमारे ९ टक्के चरबी निघाली. डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात ती सुमारे २१ टक्के होती! हे निरीक्षण २००४ साली प्रसिद्ध झाले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ते ३.५ किलोग्रॅम होते. आपली बाळे लहान व हडकुळी असूनही त्यांच्या त्वचेखाली चरबी मात्र फारशी कमी नव्हती. अशी माणसे पुढे बारीक दिसली, तरी त्यांना मधुमेहाचा धोका असतो. पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी २०१७ साली मधुमेही आणि निरोगी माणसांच्या आतड्यांतील जिवाणूंची तुलना केली. त्यांतही फरक आढळला.

मग आपण काय करावे? भाकरी, डाळी, भाज्या, फळे आणि दही रोजच्या जेवणात असू द्यावे. साध्या सर्दीसाठी घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी घेऊ नये. ती सर्दी बरी करत नाही, उलट आतड्यांतील उपयोगी जिवाणूंना मारते. डॉक्टरांनी ते औषध दिले, तर त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यावे.

आता पुन्हा त्या बाळाकडे वळू. जन्माच्या पहिल्या रात्री बाळाला उपयोगी पडणारी तपकिरी चरबी आईच्या पोटातच तयार झालेली असते. ती थोडी असते आणि कमी वजनाच्या बाळाला तर आणखी थोडी मिळते. म्हणून तिला आपण मदत करायची असते. बाळाला आईच्या अंगाशी लावून ठेवावे. डोक्यावर टोपी घालावी. जन्मल्याबरोबर आंघोळ घालू नये, निदान एक दिवस थांबावे. आणि आईचे दूध लवकर सुरू करावे. दुधातून शेकोटीला इंधन मिळते. शिवाय आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटात नुकत्याच राहायला आलेल्या चांगल्या जिवाणूंसाठी!

त्या मुलीला मी हे सारे समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सर, दादी त्याच दिवशी बाळाला आंघोळ घालणार होती. आशाताईंनी नको म्हटले, तेव्हा दादीला राग आला होता. काल मी तिला तुम्ही सांगितलेले सगळे सांगितले.”

“मग दादी काय म्हणाली?” मी विचारले.

“काही बोलली नाही. संदुकीतून लोकर काढली आणि टोपी विणायला बसली.”

या वेळी वर्गात कोणी हसले नाही.

शब्दार्थ
झोंबणे – टोचल्यासारखे लागणे
कुडकुडणे – थंडीने अंग थरथरणे
आकुंचन पावणे – आखडणे
नवजात – नुकतेच जन्मलेले
तग धरणे – टिकून राहणे
कोठी – धान्य साठवण्याची जागा
प्रतिजैविक – जिवाणूंना मारणारे औषध
हडकुळे – फार बारीक

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तपकिरी चरबीला तिचा रंग कशामुळे येतो?
(आ) आतड्यांतील जिवाणू कोणते पदार्थ आंबवतात?
(इ) २००९ साली कोणता समज खोटा ठरला?
२. कारणे द्या.
(अ) नवजात बाळाच्या अंगातील ऊब लवकर निघून जाते.
(आ) सर्दीसाठी प्रतिजैविकाची गोळी घेऊ नये.
३. पांढरी चरबी आणि तपकिरी चरबी यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : तग धरणे, भुलणे, जड जाणे.
५. हिवाळ्यात लहान बाळाची काळजी कशी घेतात, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि त्यांतील कोणत्या गोष्टी या पाठाशी जुळतात ते वर्गात सांगा.